हॅस्केल ब्रूक्स करी

थोर पुरुषांचीं स्मारकें नाना प्रकारचीं असतात. कोणाचा पुतळा चौकांत उभा राहतो, कोणाचें नांव रस्त्यास दिलें जातें, कोणाच्या नांवें शिष्यवृत्त्या चालतात. परंतु ज्याचें पहिलें नांव एका भाषेस मिळालें, आडनांव दुसऱ्या भाषेस मिळालें, आणि त्याच आडनांवापासून एक क्रियापदहि तयार झालें, असा पुरुष विरळाच. या भाषा माणसांनीं माणसांशीं बोलावयाच्या नव्हेत. संगणकास काम कसें करावें हें समजावून सांगण्याच्या त्या भाषा आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक हल्लीं प्रोग्राम लिहावयास शिकतात, आणि वर्गसमीकरण सोडविणें हा त्यांचा पहिल्या कांहीं धड्यांपैकीं एक धडा असतो. जो हा धडा हॅस्केल भाषेंत गिरवूं लागतो, त्यास आपण कोणाच्या नांवाची पाटी पुढें घेऊन बसलों आहों हें ठाऊक असावें, एवढ्यासाठीं हें चरित्र आम्ही सादर करीत आहों.

हॅस्केल ब्रूक्स करी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९०० रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत मिलिस या गांवीं झाला. त्यांचे वडील सॅम्युएल सायलस करी व मातोश्री ॲना बॅराइट करी हीं उभयतां बोस्टन शहरीं वक्तृत्वकला शिकविणारी एक शाळा चालवीत असत. शब्दाचा उच्चार कसा करावा, वाक्यावर जोर कोठें द्यावा, श्रोत्याच्या मनांत अर्थ कसा उतरवावा, याच गोष्टींची त्या घरांत रात्रंदिवस चर्चा. अशा घरांत वाढलेल्या मुलानें पुढें सारें आयुष्य अबोल चिन्हांच्या संगतींत घालवावें हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. परंतु अर्थ निसटूं न देतां तो नेमका मांडावा, हा ध्यास आईबापांचा व मुलाचा एकच होता.

१९१६ सालीं हॅस्केल वैद्यक शिकण्याच्या हेतूनें हार्वर्ड विद्यापीठांत दाखल झाला. त्या काळीं युरोपांत पहिलें महायुद्ध पेटलेलें होतें. १९१७ सालीं अमेरिका त्यांत उतरली, तेव्हां देशाच्या उपयोगीं पडावें तर गणित अधिक बरें, असा विचार करून त्यानें वैद्यक सोडलें. १९१८ च्या आक्टोबरांत तो विद्यार्थ्यांच्या लष्करी पथकांत भरती झाला. परंतु पुढच्याच महिन्यांत युद्ध थांबलें. १९२० सालीं तो गणित विषय घेऊन पदवीधर झाला.

यानंतर सात-आठ वर्षें त्याची जी भ्रमंती झाली, ती पाहून एखाद्या पालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या. दोन वर्षें मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत विद्युत्-यंत्रशास्त्राचा अभ्यास, त्याबरोबर एका कंपनींत अर्धवेळ काम. मग तें सोडून पुन्हां हार्वर्ड, तेथें पदार्थविज्ञान व ब्रिजमन या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखालीं साहाय्यकाचें काम. १९२४ सालीं त्या विषयांत एम्. ए.; आणि त्यानंतर पुन्हां गणित. वरवर पाहणारास हा धरसोडपणा वाटेल. वस्तुतः या भ्रमणास एक दिशा होती. यंत्र चाललें म्हणजे यंत्रज्ञाचें समाधान होई. या तरुणाचें होत नसे. तें कां चाललें हें त्यास हवें असे. त्या ‘कां’च्या मागें एकेक पायरी उतरत तो यंत्रापासून पदार्थविज्ञानाकडे, पदार्थविज्ञानापासून गणिताकडे, आणि शेवटीं गणिताच्याहि पायाशीं, म्हणजे तर्कशास्त्राकडे गेला.

गणिताचा पाया तपासण्याचें काम त्या काळीं मोठ्या जोरानें चाललें होतें. इंग्लंडांत रसेल व व्हाइटहेड यांनीं १९१० ते १९१३ या काळांत तीन जाडे खंड लिहून सारें गणित तर्काच्या थोड्या नियमांवर उभारण्याचा यत्न केला होता. तो ग्रंथ करी यांनीं वाचला, आणि इतर वाचक ज्या ठिकाणीं न थांबतां पुढें जात, त्या ठिकाणीं ते थांबले. एका चिन्हाच्या जागीं दुसरें चिन्ह घालावें, ही ती साधी वाटणारी क्रिया. बीजगणितांत आपण ती रोज करतों: क्षच्या जागीं ३ घाला, असें गुरुजी सांगतात व आपण घालतों. परंतु हा नियम अचूक शब्दांत लिहूं गेल्यास तो इतर सर्व नियमांहून गुंतागुंतीचा निघतो, हें त्यांच्या लक्षांत आलें. जी क्रिया सर्वांत सोपी म्हणून आपण मुलांस प्रथम शिकवितों, तीच जर सर्वांत अवघड, तर तिचे तुकडे करून पाहिले पाहिजेत, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. त्यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज या एका शंकेंत आहे.

१९२७ सालीं ते प्रिन्स्टन विद्यापीठांत शिक्षक झाले. तेथें ग्रंथ चाळीत असतां त्यांच्या दृष्टीस एक जर्मन निबंध पडला. मोझेस शॉनफिंकेल नांवाच्या रशियन गणितज्ञानें तो १९२४ सालीं प्रसिद्ध केला होता. आपण ज्या वाटेनें चाललों आहों, त्या वाटेनें दुसरा कोणी आधींच जाऊन आला आहे, हें पाहून कित्येक संशोधक खट्टू होतात, व कांहीं तर तें लपवूंहि पाहतात. करी यांनीं तसें केलें नाहीं. शॉनफिंकेल तोंवर मॉस्कोस परत गेले असून आजारी होते. म्हणून त्यांचें काम ज्यांस ठाऊक होतें अशा विद्वानांकडे, जर्मनींतील गॉटिंगन विद्यापीठांत, जाण्याचा त्यांनीं निश्चय केला. १९२८ सालीं मेरी व्हर्जिनिया व्हीटली या युवतीशीं त्यांचा विवाह झाला. ती त्यांच्या आईबापांच्याच शाळेची विद्यार्थिनी. तें जोडपें त्याच वर्षीं जर्मनीस गेलें. तेथें डेव्हिड हिल्बर्ट या जगद्विख्यात गणितज्ञाच्या नांवाखालीं व पॉल बेर्नाइस यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं करी यांनीं आपला प्रबंध लिहिला, आणि १९३० सालीं तो छापून प्रसिद्ध झाला. स्वतःच्या नांवानें पुढें गाजलेल्या युक्तीचें श्रेय ते नेहमीं शॉनफिंकेल यांसच देत असत.

ती युक्ति कोणती, हें समजण्यास वर्गसमीकरणाहून सोपें उदाहरण नाहीं. अ क्ष² + ब क्ष + क = ० हें समीकरण आमच्या वरच्या इयत्तांतील प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. त्यास ४अ नें गुणावें, दोहों बाजूंस ब² मिळवावा, म्हणजे डावीकडे (२अ क्ष + ब) चा पूर्ण वर्ग व उजवीकडे ब² − ४अक उरतो. ही रीति आपल्याच देशांतील श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत ती त्यांच्या नांवें दिलेली आहे. ब² − ४अक या राशीस विवेचक म्हणतात. विवेचक धन असेल तर दोन मुळें, शून्य असेल तर एकच, ऋण असेल तर वास्तव मूळ नाहीं.

आतां हीं मुळें काढणारा एक नियम आहे, व त्यास अ, ब, क या तीन संख्या लागतात, अशी कल्पना करा. शॉनफिंकेल व करी यांचें म्हणणें असें कीं, तीन संख्या एकदम घेणारा नियम मुळीं नकोच. एका वेळीं एकच वस्तु घेणारे नियम पुरेत. या नियमास केवळ अ दिला, समजा १ दिला, तर उत्तर म्हणून संख्या न मिळतां एक नवा नियम मिळतो, जो ब ची वाट पाहतो. त्यास उणे ५ द्या. आणखी एक नियम मिळेल, जो फक्त क ची वाट पाहतो. त्यास ६ द्या, कीं २ व ३ हीं मुळें हातीं आलीं. दुकानदार प्रथम कापड निवडून घेतो, मग माप घेतो, मग शिवणावळ ठरवितो. प्रत्येक पायरीला काम अर्धवट असलें तरी त्या पायरीपुरतें पुरें असतें, तसेंच हें. अनेक वस्तु मागणाऱ्या नियमाची अशी एकेरी सांखळी करण्याच्या क्रियेस प्रोग्राम लिहिणारे ‘करीइंग’ म्हणतात, आणि हॅस्केल भाषेंत ती वेगळी करावीच लागत नाहीं; तेथें प्रत्येक नियम जन्मतःच तसा असतो.

१९२९ सालीं करी पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील स्टेट कॉलेज या गांवीं अध्यापक झाले, आणि १९६६ पर्यंत तेंच त्यांचें कर्मस्थान राहिलें. येथेंच त्यांच्या आयुष्यांतील कसोटीचा प्रसंग आला. चिन्हांच्या जोडणीचे मूळ नियम घेऊन, त्यांवर ‘जर’ व ‘तर’ यांचें तर्कशास्त्र रचून, त्यांतून गणित उभारावें अशी त्यांची आकांक्षा होती. प्रिन्स्टन येथें अलोन्झो चर्च हे अशाच खटपटींत होते. १९३५ सालीं चर्च यांचेच दोन शिष्य क्लीनी व रॉसर यांनीं सिद्ध करून दाखविलें कीं, या दोन्ही पद्धतींत परस्परविरोध आहे. म्हणजे त्यांत हवें तें खरें ठरवितां येतें. तर्कशास्त्राच्या पद्धतीवर याहून मोठें संकट नाहीं. जींत सर्वच खरें, तींत कांहींच खरें नाहीं.

चर्च यांनीं दोषी भाग सोडून दिला व निर्दोष भाग घेऊन ते पुढें गेले. तेंहि फार फलदायी झालें. करी यांनीं मात्र दुसरा मार्ग घेतला. घर कोसळलें तर कोणती तुळई कुजली होती तें पाहिल्याविना नवें घर बांधावयाचें नाहीं, असा त्यांचा निश्चय. कांहीं वर्षें त्या विरोधाचाच अभ्यास करून १९४२ सालीं त्यांनीं तो इतका सोपा करून मांडला कीं तो शाळकरी मुलासहि समजावा. आम्ही तो आमच्या शब्दांत सांगतों. फळ्यावर एकच वाक्य लिहा: हें वाक्य खरें असेल तर आजची परीक्षा रद्द आहे. आतां वाक्य खरें आहे असें क्षणभर धरा. तें म्हणतें कीं तें खरें असल्यास परीक्षा रद्द; आणि तें खरें आहे असें आपण धरलेंच आहे; म्हणून परीक्षा रद्द. म्हणजे वाक्य खरें असल्यास परीक्षा रद्द होते, एवढें तर सिद्ध झालें. पण फळ्यावरचें वाक्य नेमकें हेंच सांगतें! तेव्हां तें खरें ठरलें, आणि परीक्षा खरोखरच रद्द झाली. विद्यार्थ्यांनीं आनंद मानण्याचें कारण नाहीं. याच रीतीनें परीक्षा दुप्पट लांबली हेंहि सिद्ध होतें. दोष आहे तो वाक्यानें स्वतःकडेच बोट दाखविण्यांत. हा विरोधाभास आज करी यांच्याच नांवानें ओळखला जातो.

स्वतःकडे बोट दाखविणाऱ्या चिन्हांस आवर घालण्याचा एक उपाय म्हणजे प्रत्येक चिन्हाचा प्रकार ठरवून देणें: हें चिन्ह संख्या घेतें व संख्या देतें, तें चिन्ह नियम घेतें व संख्या देतें, असें. प्रकारांची कल्पना रसेल यांची जुनीच. पण ती आपल्या मूळ नियमांस कशी लागू होते हें करी यांनीं १९३४ सालापासून दाखविलें. त्यांच्या या कामावरून रॉजर हिंडली यांनीं १९६९ सालीं महत्त्वाचा सिद्धांत मांडला, आणि १९७८ सालीं रॉबिन मिल्नर यांनीं तोच स्वतंत्रपणें शोधून प्रोग्रामच्या भाषांत आणला. प्रकार न लिहितांहि संगणकानें ते आपण होऊन ओळखावेत, ही सोय तेथून आली.

दुसऱ्या महायुद्धांत प्रो. करी यांनीं तर्कशास्त्र बाजूस ठेवून देशासाठीं व्यावहारिक गणित केलें. १९४५-४६ सालीं ॲबर्डीन येथील लष्करी प्रयोगशाळेंत असतां त्यांचा एनिॲक या विजेच्या गणकयंत्राशीं संबंध आला. त्यांत सुमारें अठरा हजार निर्वात नळ्या होत्या व त्याचें वजन सुमारें तीस टन होतें. एखाद्या कोष्टकांत अमुक फल कोणत्या संख्येस येतें, हें उलट शोधून काढण्याचें काम त्या यंत्राकडून कसें करवून घ्यावें, यावर त्यांनीं विला वायट या सहकारिणीसह १९४६ सालीं एक अहवाल लिहिला. लहान लहान प्रोग्राम नीट तयार करून त्यांची जोडणी करीत मोठा प्रोग्राम बांधावा, असें मत त्यांनीं १९४९ च्या सुमारास मांडलें. आज ही गोष्ट प्रत्येक नवशिक्यास सांगतात. तेव्हां ती सांगणारे बोटांवर मोजण्याइतके होते.

१९५८ सालीं त्यांचा मोठा ग्रंथ रॉबर्ट फेज यांच्या सहकार्यानें प्रसिद्ध झाला. दुसरा खंड हिंडली व जोनाथन सेल्डिन यांच्यासह १९७२ सालीं निघाला. १९६६ ते १९७० हीं वर्षें ते हॉलंडांत ॲम्स्टरडॅम येथें प्राध्यापक होते. पुढें ते स्टेट कॉलेज येथेंच परत आले, आणि १ सप्टेंबर १९८२ रोजीं, ब्यायशीं वर्षें पुरीं होण्यास थोडेच दिवस उरले असतां, तेथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या पश्चात् पांच वर्षांनीं, १९८७ सालीं, अनेक देशांतील संशोधकांनीं एकत्र येऊन शुद्ध गणिती वळणाची एक नवी भाषा रचावयाचें ठरविलें. तिला करी हेंच नांव द्यावें असें प्रथम निघालें. परंतु तें एका खाद्यपदार्थाचें नांव असल्यानें थट्टेस ऊत येईल म्हणून पहिलें नांव पसंत झालें. त्यांच्या पत्नीस पत्र लिहून परवानगी मागण्याचें काम दोघा सभासदांकडे सोपविण्यांत आलें. त्या माउलीनें परवानगी दिली, मात्र पुढें एकदां एवढें सांगितलें कीं, त्यांस स्वतःस हॅस्केल हें नांव कधींच आवडलें नव्हतें. १९९० सालीं त्या भाषेची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली.

आतां आमच्या विद्यार्थी मित्रांसाठीं थोडें अधिक. या भाषेंत वर्गसमीकरण सोडवावयास बसाल, तेव्हां कंपायलर, म्हणजे तुमचें लेखन तपासून यंत्राच्या भाषेंत उतरविणारा प्रोग्राम, तुम्हांस वारंवार अडवील. पूर्णांकाचें वर्गमूळ मागाल तर तो नाकारील, कारण वर्गमूळ अपूर्णांकी प्रकाराच्या संख्येचें निघतें. उणे ५ कंसांत न घालतां लिहाल तर तो त्यास वजाबाकी समजेल व रागावेल. त्याच्या या शिस्तीमागें करी यांच्या प्रकारांचा वारसा आहे, हें ध्यानांत ठेवा व कंटाळूं नका. उत्तर म्हणून मुळांची यादी द्या: विवेचक ऋण तर यादी रिकामी, शून्य तर एक मूळ, धन तर दोन. विवेचक एकदांच काढून त्यास नांव द्या.

परंतु कांहीं चुका कोणताहि कंपायलर पकडीत नाहीं. २अ नें भागावयाचें असतां २अ कंसांत न घातल्यास यंत्र २ नें भागतें आणि अ नें गुणतें. अ जर १ असेल तर उत्तर बरोबरच येतें, आणि चूक दडून बसते. म्हणून १, उणे ५, ६ यांवर समाधान न मानतां २, उणे १०, १२ हें उदाहरणहि घालून पाहा. मुळें तींच, २ व ३, आलीं पाहिजेत. १२ व ८ आलीं तर कंस विसरलां आहां. तसेंच अ शून्य असेल तर तें वर्गसमीकरणच नव्हे; त्याची तजवीज आधीं करा, नाहींतर शून्यानें भागूनहि यंत्र तक्रार न करतां भलतेंच उत्तर हातावर ठेवील.

प्रो. करी यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आम्हांस याच ठिकाणीं दिसतो. सोपी म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्यांनीं पुन्हां हातीं घेतली. दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास दिलें. आणि आपल्या रचनेंत दोष निघाला तेव्हां तो झांकला नाहीं, तर तो दोषच जगास शिकण्याजोगा धडा करून ठेवला. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलाचें उत्तर चुकलें म्हणजे केवळ गुण पाहूं नयेत. तें कोठें चुकलें हें शोधावयास त्यास थोडा वेळ द्यावा. ज्या मुलानें आपली चूक स्वतः शोधून काढली, त्यानें त्या दिवशीं पुष्कळच मिळविलें.